शामकलाची उत्तरं

नागपूर,
२४ नोव्हेंबर १९५३

ती. रुख्माबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, उदारामचा नमस्कार. सुखरूप पोचलो. कोहमाऱ्याला मोटार मिळाली खरी, पण बसायला जागा साकोलीनंतर. तू बांधून दिलेल्या करंज्या वाटेतच संपल्या. अर्ध्या माझ्याकडून, अर्ध्या रायपूरहून येणाऱ्या एका सरदारजींकडून. त्यांनी तुला दुवा दिली आहे, ती पोचवली.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भाऊजींनी सुखरामकाकांच्या मुलीचा, शामकलाचा विषय काढला, तेव्हा मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे नको म्हणालो असं नाही. मुलगी मी पाहिली. ती बायांच्या घोळक्यात, पानवाल्याच्या मांडवाशी उभी होती. समोर दंडारीच्या खेळात त्या दिवशी कोणतं सोंग होतं असं विचारशील, तर मला सांगता येणार नाही.

पण बाई, नुसतं डोळ्यांनी पाहून जन्माचा निर्णय करायचा हे माझ्या बुद्धीला पटत नाही. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकवतो काय? हेच, की माणसाची बुद्धी मोजता येते. हल्ली तर मानसशास्त्रातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द करून कोश तयार करायचं काम माझ्या गळ्यात आहे. दिवसभर आकलन, अनुमान, तर्कशक्ती, बुद्ध्यंक. शाळेतली पोरं तपासतो, होणारे मास्तर तपासतो. आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी पोपटाने काढलेल्या पाकिटावर विसंबून राहू?

म्हणून तीन प्रश्न पाठवतो. शामकलाला बोलता बोलता विचार आणि ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिही. जसंच्या तसं, बाई. एक शब्द इकडचा तिकडे नको.

पहिला : दाट जंगलात एकटी वाट चुकलीस तर काय करशील?

दुसरा : विळा, सूप, टोपली, धान. यांतलं वेगळं कोणतं?

तिसरा : गोंदियाचे सगळे व्यापारी हिंदी बोलतात. गोपीचंद हिंदी बोलत नाही. तर गोपीचंद गोंदियाचा व्यापारी आहे का?

हसू नकोस. यामागे मोठं शास्त्र आहे. आणि आपल्या गावाकडे बुद्धीला कोणकोणते शब्द आहेत तेही लिही, कोशाला उपयोगी पडतील.

तुझा,
उदाराम


कोहमारा,
१० डिसेंबर १९५३

चि. उदारामास रुख्माचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा खळ्यावर धानाचं चुरणं चालू होतं, म्हणून उशीर. तुझे भाऊजी पत्र ऐकून खराट्यावर हात टेकून हसत बसले. म्हणतात, "बुद्धीचं माप तुझा भाऊ कुडवानं घेते का पायलीनं, ते पहिले विचार." मी म्हटलं, तुमच्यासाठी कुडवाचीबी गरज नाही पडाची.

शामकलाले विचारलं. कोण विचारून राहिलं हे लपवलं नाही. लपवून होते काय गा? तिले समजलंच असतं. ती सूप घेऊन माझ्याकडं पाखडाले आली होती. बसल्या बसल्या तिन्ही झाले. उत्तरं अशी :

पहिल्याले म्हटलन, "मी एकटी जंगलात जाईनच कायले? घरधन्याच्या मागं मागं चालीन, म्हणजे वाट चुकाची नाही."

दुसऱ्याले म्हटलन, "सारंच घरचं. वेगळं कोणाले काढू?"

तिसऱ्याले खाली मान घातलन अन् म्हटलन, "मी गोंदिया पाहिली नाही. मले बाईमाणसाले व्यापाऱ्याचं काय समजते?"

पाहा, कशी सोन्यासारखी पोट्टी आहे. आणखी काय पाहिजे तुले?

बुद्धीले आपण अक्कल म्हणतो, डोकं म्हणतो, समज म्हणतो. अक्कल दुसऱ्याची काढाची, डोकं आपलं खाजवाचं. अन् समज म्हणजे सांगितल्याबिगर कळते ते. तुझ्या तिन्ही प्रश्नांत ते कुठं बसते ते मले नाही दिसलं. पण तू शिकलेला आहेस.

लवकर कळवजो. सुखरामकाकानं तोंडानं विचारलं नाही, पण रोज आमच्या दारावरून जाऊन राहिले.

तुझी,
रुख्मा


नागपूर,
५ जानेवारी १९५४

ती. रुख्माबाईस,

पत्र पोचलं. उत्तर द्यायला इतके दिवस का लावले ते विचारू नकोस. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो.

बाई, मी उत्तरं तपासली. माझी खात्री व्हावी म्हणून पुन्हा तपासली. पहिल्या उत्तरात तिने प्रश्नच नाकारला आहे. 'वाट चुकली तर' असं मनाशी धरून पुढे विचार करायचा असतो, त्याला आम्ही आकलन म्हणतो. ते नाही. दुसऱ्यात वर्गीकरण नाही. तिसऱ्यात समोर ठेवलेल्या दोन गोष्टींवरून तिसरी काढायची असते, त्याला अनुमान म्हणतात. तिथे ती मान खाली घालते. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर तर्कशक्ती सामान्याहून कमी. आणखी कठोर शब्द आहे, तो मीच मराठीत आणलाय, पण तिच्याबाबत वापरवत नाही.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मंडईत ती दुसऱ्यांदा वळून हसली तेव्हा मला वाटलं होतं की या मुलीला आपल्या मनातलं सगळं कळलं. पण वाटणं आणि मोजणं यांत फरक असतो. बायको नुसती मागे मागे चालणारी नको. मला कुणीतरी बोलायला हवं. दिवसभर शब्दांशी झगडून घरी आलो की मी सांगेन आणि ती 'मले काय समजते' म्हणेल, या विचाराने जीव घाबरला.

तेव्हा सुखरामकाकांना माझी वाट पाहायला लावू नका. मुलीला कारण सांगू नकोस.

तुझा,
उदाराम


कोहमारा,
२ फेब्रुवारी १९५४

उदारामास,

तुझं पत्र वाचलं अन् हातातला तवा आदळला. तुझे भाऊजी बाहेरून धावत आले, कोण पडलं म्हणून.

डोकं कमी? शामकलाचं? अरे वेड्या, तिचं डोकं जास्तच आहे, तेच तर मी झाकून ठेवलं! तुझ्या प्रश्नांवर पोट्टी इतकं बोलली, इतकं बोलली, की मीच घाबरली. उलटे प्रश्न काय, फाटे काय. मी म्हटलं, हे असंच लिहून पाठवलं तर माझा भाऊ म्हणन, केवढी तोंडाळ बायको गळ्यात बांधून राहिली माझी बहीण. म्हणून नीटनेटकं करून लिहिलं. सोयरिकीत मध्ये पडणाऱ्या माणसाचं कामच ते. माझ्या वेळी मध्यस्थानं माझ्या सासूले सांगितलं होतं की पोरगी तोंडातून शब्द काढत नाही. मी किती बोलतो ते तू जाणतेस. सासूनं कधी त्याच्यावर फिर्याद केली का? पोरीचं बोलणं इकडून तिकडं नेताना त्याले थोडं तूप लावाव लागते, हे तुझ्या कॉलेजात नाही शिकवत?

तू 'जसंच्या तसं' लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. पण तसं तर सारेच म्हणतात.

आता ऐक. चिचगडहून लोक येऊन पाहून गेले. पोट्ट्याचं नाव श्यामलाल, घरी धानाची शेती, माणसं चांगली. सुखरामकाका आमच्या ओसरीवर येऊन बसले अन् मले म्हटलन, "बाई, तुझ्या भावाचं काय ते एकदा सांगून टाक. शिवरातीपर्यंत मी थांबतो. पुढं माझ्याच्यानं होणार नाही." शामकला आतल्या दाराशी उभी होती. ती तिथून हालली नाही.

पत्रात दुसरं काही लिहू नको. 'हो' लिही. एवढं एकच अक्षर लिही, बाकी सारं मी पाहतो.

रुख्मा


नागपूर,
१४ फेब्रुवारी १९५४

ती. रुख्माबाईस,

तू काय केलंस बाई हे! पत्र वाचून रागवावं की नाचावं तेच कळेना. कॉलेजातले लोक बघायला लागले.

म्हणजे ती उत्तरं तिची नव्हतीच! मग माझा निष्कर्षही तिच्याबद्दल नव्हता, तो तुझ्याबद्दल होता. (रागवू नकोस.) आता असं कर. तिने मुळात काय सांगितलं ते आठवून, शब्दाला शब्द, ताबडतोब लिहून पाठव. तूप नको. फाटे, उलटे प्रश्न, सगळं हवं. शिवरात्रीला अजून अवकाश आहे. मनातून मला खात्री वाटते आहे, पण एकदा चुकीच्या माहितीवर फसलो, आता घाईने दुसऱ्या बाजूला फसायचं नाही. उत्तरं हातात आली की लगेच कळवतो.

सोबत आणखी एक प्रश्न. जमलं तर हाही विचार : एका घरात दोन भाऊ आहेत, थोरला धाकट्यापेक्षा उंच आहे, आणि बाप धाकट्यापेक्षा ठेंगणा आहे. तर सर्वांत उंच कोण?

सुखरामकाकांना थोडं थोपवून धर.

तुझा,
उदाराम


कोहमारा,
१० मार्च १९५४

उदारामास,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच फोडलं. 'हो' कुठं आहे ते पहिले पाहिलं. मग पाठीमागून पाहिलं. मग तुझ्या भाऊजीले दिलं, मले नाही दिसत, तुम्ही पाहा म्हणून. ते म्हटलन, "यात तर सर्वांत उंच कोण ते विचारलं आहे."

सुखरामकाकाले काय सांगू? थोपवून धरा, माझ्या भावाले आणखी एक प्रश्न विचाराचा आहे? तरी सांगितलं, गा. तोंड वर करून सांगितलं. म्हातारा रागावला नाही, हेच वाईट वाटलं. एवढंच म्हटलन की ज्याले पाहिजे असते तो इतकं विचारत नाही.

शिवरात झाली अन् चिचगडवाल्यासंग साक्षगंध झालं. लग्न वैशाखात. आता मोडाचं म्हणशील तर तो विचार करू नको. बापानं चारचौघांत शब्द दिला आहे, अन् शामकलानं तोंड उघडून नाही म्हटलन नाही.

तिची उत्तरं मागितली होती, ती घे. आता खरी लिहितो. आता तूप लावून फायदा नाही.

पहिल्याले ती म्हटलन, "वहिनी, आपल्या मुलखात वाट चुकाले जागाच कुठं आहे? नाला शोधाचा अन् पाणी जिकडं जाते तिकडं चालत राहाचं. आपल्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांनी एक नाला मोकळा सोडला नाही. कुठं ना कुठं पाळ घालून अडवलाच असन. पाळीखाली धानाच्या बांध्या, अन् बांध्यांपाशी माणूस. पण त्यांनी ऋतू सांगितला नाही. उन्हाळा असन तर पाणी दिसाचं नाही, मग वाळूचा उतार पाहाव लागन."

दुसऱ्याले म्हटलन, "धान म्हणाल तर धान, ते खाचं, बाकी वापराचं. विळा म्हणाल तर विळा, तो लोखंडाचा, बाकी उगवलेलं. त्यांच्या मनात कोणतं आहे? समोर असते तर तोंडाकडं पाहून सांगितलं असतं. कागदाले तोंड कुठं असते?"

तिसऱ्याले म्हटलन, "मग गोपीचंद व्यापारी नाही, हे तर सरळ आहे. पण सगळे व्यापारी हिंदी बोलतात हे कोणं सांगितलन? तेच खोटं असन तर माझं उत्तर बरोबर असूनबी खोटं. अन् नाव माझं जाईन."

हे मी झाकलं. मले वाटलं होतं, मी तिचं भलं करून राहिली.

उदाराम, मी रात्रंदिवस एकच विचार करतो. मी खरं लिहिलं असतं तर झालं असतं. अन् मग वाटते, तू 'हो' लिहिलं असतं तरी झालं असतं. आपण दोघं बहीणभाऊ, मायबाप गेल्यावर एकमेकांले धरून राहिलो, अन् एका पोरीची सोयरीक दोघांनी मिळून बुडवली. तिनं आणखी एक गोष्ट तुले विचाराले सांगितली होती. ती मी तवाबी लिहिली नाही अन् आताबी लिहत नाही. आता ती लिहून कोणाचं पोट भरन?

रुख्मा


नागपूर,
१७ मार्च १९५४

बाई,

तार करणार होतो, पण तारेत काय लिहायचं ते सुचलं नाही. आज सकाळी मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेलो होतो. तिकीट काढलं नाही. येऊन मी सुखरामकाकांच्या ओसरीवर बसून काय सांगणार होतो? मुलगी परीक्षेत पहिली आली म्हणून?

तू तुझ्या जिवाला लावून घेऊ नकोस. तू तूप लावलंस ते माणूस जोडण्यासाठी लावलंस. मी फक्त मोजत बसलो.

ती काय विचारत होती ते सांग. मला हवं आहे.

उदाराम


कोहमारा,
२४ नोव्हेंबर १९५८

चि. उदारामास रुख्माचा आशीर्वाद.

यंदाबी तू मंडईले आला नाहीस. दरसाली मी करंज्या बांधून ठेवतो अन् दरसाली तुझे भाऊजी खातात. आता ते म्हणतात, नको येऊ दे त्याले. केस पिकाले आले तुझे, मागच्या फोटोत पाहिलं. लग्नाचं विचारत नाही. विचारून थकली.

तुझं कोशाचं पुस्तक पोचलं. तुझं नाव छापलेलं पाहून छाती भरून आली. आतलं काही समजलं नाही. पण ज्याले समजलं त्याचं सांगतो.

शामकला मंडईसाठी माहेरी आली होती. दोन पोरं आहेत. चिचगडच्या घरी तिचं चालते. श्यामलाल तिले विचारल्याबिगर बैलबी घेत नाही, असं तिची सासू कौतुकानं सांगते. ती सुखात आहे म्हटलन. मी विचारलं नव्हतं.

तुझं पुस्तक ओसरीवर पडलं होतं. तिनं उचललन, चाळलन. 'तर्क' या शब्दापाशी थांबली. तू लिहिलं आहे ना तिथं, अनोळखी अरण्यात नाल्याच्या ओघानं गेल्यास तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या अन् बांध्यांपाशी वस्ती सापडते, उन्हाळ्यात वाळूचा उतार पाहावा, हे तर्काचं उदाहरण म्हणून? तिनं ते दोनदा वाचलन. मग हसली. म्हटलन, "वहिनी, हे तर माझं आहे. पाळ लिहिली, बांध्या लिहिल्या, ऋतूबी लिहिला. बरोबर उतरवून घेतलन." अन् पुस्तक मिटवून पदरानं पुसलन, जागेवर ठेवलन.

मग मले विचारलन, "मी तेव्हा एक विचाराले सांगितलं होतं. ते कळवलं होतं का तुम्ही?" माझी मान खाली गेली. ती समजली. लहान पोराले कडेवर घेतलन अन् गेली.

ती गेली अन् मी कागद घेऊन बसली. तिचे शब्द जसेच्या तसे :

"वहिनी, त्यांले माझ्याकडून एक विचारा. मंडईत सारा गाव दंडार पाहून राहिला होता. ते एकटे माझ्याकडं पाहून राहिले होते. मीबी पाहिलं, त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. मग त्यांले आणखी काय माहीत करून घ्याचं आहे?"

हे मी तवा लिहिलं नाही. पोरीच्या जातीनं असं बोलावं का, असं मले वाटलं.

उत्तर असन तर माझ्या हाती देऊ नको, गा. माझ्या हातून जसंच्या तसं जात नाही.

तुझी,
रुख्मा


नागपूर,
२ डिसेंबर १९५८

बाई,

पत्र आलं. शामकला सुखात आहे हे बरं झालं. मला मनापासून बरं वाटलं, आणि वाईटही तेवढंच वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याला आमच्या कोशात शब्द नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही येत होतं. मला काहीएक माहीत करून घ्यायचं नव्हतं. मुलगी आवडली होती. पण एम.ए. झालेला माणूस मंडईत एकदा पाहून भाळला, असं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. कुणी हसलं तर दाखवायला हातात काहीतरी हवं होतं, म्हणून शास्त्र मध्ये घातलं. तिची उत्तरं तू पाठवलीस तशीच आली असती काय, खरी आली असती काय, मी आणखी प्रश्नच काढले असते असं आता वाटतं. तू उगाच स्वतःला दोष देतेस.

हे तिला पोचवू नकोस. नीटनेटकं करूनही नको. तिचं घर आहे, पोरं आहेत.

करंज्या यंदाच्या गेल्या, पुढच्या ठेवजो. भाऊजींपासून लपवून ठेवजो. पुढच्या साली मी मंडईले येईन, बाई. त्या खेपेस दंडारच पाहीन.

तुझा,
उदाराम